सोपाऱ्याचा स्तूप आणि दादरचे राजगृह : एका धम्मयात्रेचा विचार

वसई तालुक्यातील आम्ही काही उपासक-उपासिका दरवर्षी बुद्धपौर्णिमेस सोपाऱ्याच्या स्तूपापाशी जमतो. त्रिसरण-पंचशील होते, खीरदान होते, आणि ज्याची त्याची पावले घराकडे वळतात. एका वर्षी मात्र वंदनेनंतर असा विचार निघाला की, प्राचीन काळचे एक चैत्य आपल्या दाराशी आहे, तसेच आपल्या मुक्तिदात्याचे राहते घर आपल्यापासून लोकलच्या एका प्रवासाएवढ्याच अंतरावर आहे. दोन्हींचे दर्शन एकाच यात्रेत का घेऊ नये? त्याप्रमाणे सकाळी सोपाऱ्याच्या स्तूपास वंदन करून आम्ही नालासोपारा स्थानकावर गाडी धरली आणि दादरला उतरून हिंदू कॉलनीतील 'राजगृह' गाठले. या यात्रेत आमच्या मनात जे प्रश्न उभे राहिले ते वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोपाऱ्याचा वारसा

पाली वाङ्मयातील सुप्पारक म्हणजेच आजचे सोपारे, हे अभ्यासकांना विदित आहेच. वल्कले नेसणारा बाहिय हा याच सुप्पारकाच्या किनाऱ्यावर राहत होता आणि येथूनच तो तथागतांच्या भेटीस श्रावस्तीला गेला, असे उदानात सांगितले आहे. सुनापरान्तातील लोक कठोर आहेत हे ठाऊक असूनही तेथे धम्म सांगण्यास निघालेल्या पूर्ण स्थविरांची कथा मज्झिमनिकायात आली आहे. संस्कृत अवदान-वाङ्मयाने तर या पूर्णांचा थेट शूर्पारकाशी संबंध जोडला आहे. तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित स्थविरांना अपरान्तात पाठविण्यात आले, असे महावंस सांगतो. म्हणजे ज्या भूमीवर आज विरार लोकलची गर्दी उसळते, ती भूमी धम्माच्या इतिहासात एक मान्यवर स्थान आहे.

तथापि ही गोष्ट येथील लोकांना शेकडो वर्षे माहीत नव्हती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील उंचवटा उकरला, तेव्हा त्या उंचवट्याला गावकरी काय म्हणत असत? 'बुरूड राजाचा कोट'! कोणी एक बुरूड राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. भिक्षुसंघ गेला, ग्रंथ गेले, पठण करणारे गेले. चैत्य मात्र राहिले. वाचणारा कोणी न उरल्यामुळे चैत्याचा कोट झाला आणि बुद्धाच्या जागी एक काल्पनिक राजा येऊन बसला. आमच्या मते सोपाऱ्याच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा धडा आहे आणि आपल्या पुढील विवेचनाचा तो आधार आहे.

पंडित भगवानलाल यांना स्तूपाच्या मध्यभागी दगडाची एक मोठी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक होता. त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धप्रतिमा, म्हणजे सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय, मांडलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा असे एकात एक करंडक होते. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे रुप्याचे एक नाणेही होते. एवढ्या वेष्टनांच्या आत, सोन्याच्या करंडकात काय जपले होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! हे तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे, या श्रद्धेने ते तेथे ठेवले गेले असावेत, असा पंडितांचा निष्कर्ष होता. या वस्तू पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. सोपाऱ्यात राहिली ती विटांची रास.

परिभोगिक चैत्याची कल्पना

भिक्षापात्राचे तुकडे पूजनीय का मानावेत, असा प्रश्न आमच्यातील एका तरुणाने स्तूपापाशीच विचारला. त्याचे उत्तर कालिंगबोधि जातकाच्या प्रस्तावनेत मिळते. तथागत चारिकेला गेले की जेतवनात फुले घेऊन येणाऱ्या लोकांना पूजेला स्थान उरत नसे. म्हणून आनंदांनी चैत्याविषयी विचारणा केली. तेव्हा चैत्याचे तीन प्रकार सांगण्यात आले. शरीराचा अवशेष असलेले ते सारीरिक, बुद्धाने उपयोगात आणलेल्या वस्तूचे ते पारिभोगिक, आणि केवळ उद्देशाने निर्मिलेले ते उद्देसिक. बोधिवृक्ष हा तथागतांच्या उपयोगातील म्हणून पारिभोगिक ठरला आणि जेतवनाच्या द्वाराशी त्याचे रोप लावले गेले.

या वर्गीकरणाने पाहिले तर सोपाऱ्याचे तेरा तुकडे पारिभोगिक आहेत. दादरची चैत्यभूमी, जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या देहावर अंत्यसंस्कार झाले, ती आपण सारीरिक या वर्गात धरू. गावोगावचे पुतळे हे उद्देसिक. आणि राजगृह? ज्या खोल्यांत ते वावरले, ज्या टेबलापाशी त्यांनी लिहिले, ज्या भांड्यांत अन्न घेतले, त्या सर्वांचे स्थान असलेले राजगृह हे आपल्या काळातील पारिभोगिक चैत्य होय. पुतळा कोठेही उभारता येतो, घर मात्र एकदा गेले की पुन्हा उभारता येत नाही. पुतळ्यांसाठी आपण जेवढी शक्ती वेचतो त्याच्या दशांशाने तरी घरांचा विचार करतो काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

घर नाकारलेल्या माणसाचे घर

राजगृहाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीची घरे आठवली पाहिजेत. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या काळात ते जहाज टॉर्पेडोने बुडाले आणि न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमविलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळसे समुद्रात गेले. त्या सामानाच्या भरपाईपोटी जे ६०० रुपये मिळाले, त्यांवर ते बडोद्यास नोकरीसाठी गेले. बडोद्यात त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी खानावळीत त्यांनी आश्रय घेतला. पण थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा विद्वान कमाठी बागेत झाडाखाली बसून अश्रू ढाळीत होता, ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यानंतरची कितीतरी वर्षे त्यांचा संसार परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत झाला. एका खोलीत कुटुंब आणि दुसऱ्या खोलीत ग्रंथ, अभ्यास आणि भेटीस येणारे लोक. 'मूकनायक' (३१ जानेवारी १९२०), 'बहिष्कृत भारत' (३ एप्रिल १९२७), महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदेची तयारी हा सर्व इतिहास त्या चाळीच्या काळातील आहे. मातोश्री रमाईंनी काढलेल्या खस्ताही त्याच खोल्यांतील होत.

पुढे कर्ज काढून बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हे बांधकाम झाले. बांधताना पहिला विचार होता तो ग्रंथांच्या जागेचा. कुटुंबाचा निवास त्यानंतर. त्यांच्या चरित्रकारांनी या गोष्टीची आवर्जून नोंद केली आहे. ज्याला एका खानावळीतून काठ्यांच्या धाकाने हुसकावण्यात आले, त्याने जे पहिले स्वतःचे घर बांधले ते पुस्तकांसाठी बांधले! माणसाने घर कशासाठी बांधावे याविषयी यापेक्षा मोठा उपदेश आम्हांस ठाऊक नाही.

आणि नाव? राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. बिंबिसाराने तथागतांना वेळुवनाचे दान दिले ते तेथे. महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली ती तेथे, आणि धम्म व विनय यांचे संगायन होऊन बुद्धवचन सुरक्षित झाले तेही तेथेच. येथे एक कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. घरास हे नाव मिळाले तेव्हा येवल्याची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) अद्याप व्हावयाची होती आणि नागपूरची दीक्षा वीस वर्षांहून अधिक दूर होती. पुढे सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय व नागसेनवन ही नावे त्याच मालिकेत आली. १९५६ चे धर्मांतर अचानक घडले असे म्हणणाऱ्यांनी दादरच्या या दारावरील नाव एकदा वाचावे.

राजगृहात

आम्ही पोहोचलो तेव्हा दारापाशी थोडी रांग होती. पादत्राणे काढून एकामागून एक आत गेलो. वरील मजल्यांवर आंबेडकर कुटुंबीयांचे निवासस्थान आहे आणि तळमजल्यावर बाबासाहेबांच्या स्मृती जतन केल्या आहेत. पलंग, टेबल-खुर्ची, हातातील काठ्या, नित्य वापरातील भांडी, भिंतींवरील छायाचित्रे. कोठेही थाटमाट नाही. एका माणसाचे साधे जीवन जसे असावे तसे ते आहे. आमच्या सोबतच्या एका वयोवृद्ध उपासिका भांड्यांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "सकाळी त्या तुकड्यांची गोष्ट ऐकली. ती पाहायला मिळाली नाहीत. ही तरी पाहिली." इतकेच बोलून त्या पुढे झाल्या.

याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाईंनी देह ठेवला. याच घराच्या काळात लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी सिद्ध केलेले, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेले जातिनिर्मूलनाचे भाषण १९३६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीस गेले, तरी राजगृह हे मुंबईतील चळवळीचे घर राहिलेच. आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथे महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांचा देह विमानाने मुंबईस आणण्यात आला, तो रात्री याच राजगृहात. दुसऱ्या दिवशी येथूनच ती अथांग अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे निघाली. त्या वेळी बाहेरच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या गिरणगावातील आणि चाळींतील माणसांची मुले-नातवंडे आज वसई-विरारच्या वस्त्यांत राहतात. म्हणूनच राजगृहाचा इतिहास हा आमच्या घरांचाही इतिहास आहे.

आमच्यासोबत आलेल्या एका शाळकरी मुलाने सर्व पाहून झाल्यावर विचारले, "बाबासाहेबांची पन्नास हजार पुस्तके कुठे आहेत?" मोठ्यांपैकी कोणास हा प्रश्न सुचला नव्हता, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. त्याला आम्ही सांगितले की, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या (१९४५) महाविद्यालयासाठी आपल्या संग्रहाचा मोठा भाग दिला. ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती गेले. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पुस्तके घरातून बाहेर गेली ते चांगलेच झाले." आम्हांस वाटते, राजगृहाचे याहून यथार्थ वर्णन विद्वानांसही करता येणार नाही.

अन्य घरे

बाबासाहेबांच्या निवासस्थानांची आजची स्थिती तुलनेने पाहणे उपयुक्त ठरेल. लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात ते विद्यार्थिदशेत राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. दिल्लीच्या अलीपूर रोडवर मात्र मूळ बंगला राहिलेला नाही. तेथे ग्रंथाच्या आकाराची नवी इमारत उभी असून १३ एप्रिल २०१८ रोजी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून खुली झाली. वास्तू भव्य आहे, परंतु ज्या भिंतींच्या आत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथावर शेवटचा हात फिरला, त्या भिंती तेथे नाहीत. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू आहेत, तर पुण्यातील सिम्बायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. तेथे वस्तू आहेत, पण मूळ घर नाही. घर आणि वस्तू दोन्ही एकत्र, आणि तेही वंशजांच्या राहत्या छताखाली, हे राजगृहाचे वैशिष्ट्य होय.

हे वैशिष्ट्य किती नाजूक आहे, याचा अनुभव जुलै २०२० मध्ये आला. ७ जुलैच्या सायंकाळी अज्ञात इसमांनी राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची नासधूस केली. महाराष्ट्रभर संताप उसळला. त्याच वेळी कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि अनुयायांनी ते पाळले. काच पुन्हा बसविता येते, कुंडी पुन्हा ठेवता येते. पण जे आपल्याच हातून नष्ट होते त्याचे काय?

आमच्या घरांतील अवशेष

हा प्रश्न आम्ही स्वतःस उद्देशून विचारीत आहोत. परतीच्या गाडीत बोलणे निघाले आणि एकेकाने आपली कबुली दिली. आमच्यापैकी एका घरात आजोबांनी बांधून ठेवलेले 'जनता' पत्राचे आणि पुढे ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले त्याचे अंक होते. मुंबईची चाळ सोडून नालासोपाऱ्यात बिऱ्हाड हलविताना ती ट्रंक जड झाली, आणि तिच्यातील कागद रद्दीत गेले. दुसऱ्या एका घरात दीक्षेच्या वेळचे छायाचित्र भिंतीच्या ओलीने पुसून गेले. तिसऱ्या घरात सभांची इतिवृत्ते लिहिलेली वही होती. तिच्या कोऱ्या पानांवर मुलांनी गणिते सोडविली. यांत कोणा परक्याचा हात नव्हता. हल्लेखोराविरुद्ध आपण मोर्चा काढतो. रद्दीवाल्यास मात्र आपणच हाक मारतो.

सोपाऱ्यात जे झाले तेच आमच्याकडे होऊ घातले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुतळे राहतील, कमानी राहतील, जयंतीच्या मिरवणुका राहतील. पण वाचणारा आणि सांगणारा उरला नाही, तर शंभर वर्षांनी लोक या सर्वांस कोणत्या राजाचा कोट म्हणतील, हे कोण सांगू शकेल?

अशोकाचे दोन लेख

योगायोग असा की, याचे उत्तरही सोपाऱ्याच्याच मातीत सापडले आहे. सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा तुकडा येथे १८८२ मध्ये मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावी मिळाला. दीक्षेचे वर्ष तेच, हेही येथे आठवते. सोपाऱ्याचा हा अशोक-लेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. तुकड्यांवर अक्षरे मोजकीच आहेत, परंतु इतरत्र मिळालेल्या पूर्ण पाठांवरून त्यांचा आशय निश्चित कळतो.

आठवा लेख यात्रेविषयी आहे. पूर्वीचे राजे मृगयेच्या आणि करमणुकीच्या यात्रा करीत. अशोकाने संबोधीच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा सुरू केली. या धम्मयात्रेत काय होत असे? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयीची पृच्छा. केवळ स्थान पाहून परत येणे ही धम्मयात्रा नव्हे. वृद्धांना भेटणे आणि प्रश्न विचारणे हा तिचा अविभाज्य भाग आहे. नवव्या लेखात अशोक सांगतो की, आजारपणात, विवाहात, अपत्यजन्मात, प्रवासास निघताना लोक नाना मंगलकृत्ये करतात, पण त्यांचे फळ अल्प असते. सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान, हेच खरे धम्ममंगल होय.

हे दोन्ही लेख समोर ठेवून आम्ही आमच्या यात्रेची परीक्षा केली. हार वाहिले, मोबाईलवर छायाचित्रे काढली, घाईने रांग पुढे सरकविली; हे सर्व नवव्या लेखातील अल्पफळाचे मंगल झाले. एका मुलाने एक प्रश्न विचारला. आठव्या लेखाप्रमाणे तेवढीच खरी धम्मपरिपुच्छा झाली. स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. त्यांच्या घरात जाऊन केवळ विभूतिपूजा करून परतणे म्हणजे त्या इशाऱ्याकडे त्यांच्याच दारात पाठ फिरविणे होय. वस्तूंचा आदर अवश्य करावा. पण पारिभोगिक वस्तूचा अर्थच मुळी हा की, ती उपयोगात होती. टेबल लिहिण्यासाठी होते, कपाटे ग्रंथांसाठी होती, काठी चालण्यासाठी होती. ते कार्य पुढे चालू राहिले, तर त्या वस्तूंचे चैत्य झाले असे म्हणता येईल. अन्यथा ते जुने सामान आहे.

म्हणून विरार गाडीतच एक निर्णय झाला आणि त्याची अंमलबजावणी सुरूही झाली आहे. आमच्या विहारात एक लोखंडी कपाट ठेवले आहे. वस्तीतील प्रत्येक वृद्ध उपासक-उपासिकेकडे महिन्यातून एकदा दोघे तरुण जातात. जुनी पत्रे, पावत्या, छायाचित्रे, अंक यांची ते मोबाईलच्या कॅमेऱ्याने प्रत घेतात. मूळ कागद घरच्यांना ठेवावयाचा असल्यास प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या जागी कापडात कसा ठेवावा, हे समजावून देतात. द्यावयाचा असल्यास नाव, गाव, तारीख लिहून तो कपाटात ठेवतात. छायाचित्रातील माणसे कोण, हे मागील बाजूस पेन्सिलीने लिहिणे हा पहिला नियम आहे. कारण ओळखणारी व्यक्ती गेल्यावर ते छायाचित्रही बुरूड राजाचा कोट होते. पहिल्या तीन महिन्यांत कपाटाचा एक खण भरला आहे. दुसरा खण राजगृहात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने आपल्या जबाबदारीवर घेतला आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी ट्रंक माळ्यावर असेल, त्यांनी ती या आठवड्यात खाली उतरवावी. राजगृहास अवश्य जावे. सोपाऱ्याच्या स्तूपासही यावे. मात्र परत आल्यावर आपल्या घरातील वृद्धांजवळ बसून त्यांना एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर लिहून ठेवावे. धम्मयात्रा तेथे पूर्ण होते.